दत्तकाची ऑर्डर यायच्या आधीच घरी आलेलं बाळ नीट चालत नसेल तर

आमची लेक 20 महिन्यांची असताना फोस्टर केअरच्या, म्हणजे ऑर्डर होईपर्यंत मूल सांभाळायला देतात त्या कागदांवर घरी आली, दत्तकाची ऑर्डर अजून व्हायची होती. चालायची, पण डावीकडे झुकून, बदकासारखी डुलत. सगळे म्हणाले दत्तक देणाऱ्या संस्थेत पाळण्यातच असायची ना, होईल हळूहळू. तसं असूही शकतं, पण दाखवल्याशिवाय तसं धरून बसू नका. 18 महिने झाले तरी एकटं चालत नाही, लंगडतं, सारखं चवड्यांवरच चालतं, एकच बाजू कमी वापरतं, यातलं काहीही असेल तर डॉक्टर गाठा. आणि चालणारं मूल अचानक पाय टेकेना, किंवा तापात लंगडायला लागलं तर त्याच दिवशी.

जायच्या आधी व्हिडिओ काढा. आमची दवाखान्यात कडेवरून उतरलीच नाही, नुसती रडली, शेवटी मोबाईलमधला व्हिडिओच कामी आला. नुसत्या नॅपीवर, अनवाणी, समोरून, मागून, बाजूने, आणि खाली बसून उठताना मांडीवर हात टेकते का तेही.

मग फाईल. संस्थेने दिलेला मेडिकल रिपोर्ट, चाईल्ड स्टडी रिपोर्ट (मुलाची माहिती असलेला अहवाल), लसीकरण कार्ड, फोस्टरचा कागद. डॉक्टर विचारणारच, दिवस पूर्ण भरले होते का, वजन किती होतं, जन्मल्यावर लगेच रडली का. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. अंदाजाने उत्तर देऊ नका, माहीत नाही म्हणा आणि संस्थेला लेखी विचारा.

आधी बालरोगतज्ज्ञ, ते गरजेप्रमाणे लहान मुलांच्या ऑर्थोकडे (हाडांचे डॉक्टर) किंवा न्यूरोकडे (मेंदू आणि नसांचे डॉक्टर) पाठवतील. आमच्या डॉक्टरांनी तिला झोपवून गुडघे दुमडले तर डावा गुडघा खाली दिसला, मांडीही उजवीइतकी उघडेना. एक्स-रेत खुबा सांध्याबाहेर निघाला. तोवर मालिशवाल्या मावशी पाय ओढून सरळ करत होत्या, ते प्लीज कुणी करू देऊ नका. व्हिटॅमिन डीचे डोसही मनाने नकोत, मुडदूस (हाडं मऊ होण्याचा आजार) आहे का ते रक्त तपासून आणि एक्स-रे काढून कळतं.

खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडी ताईंना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं (मुलांच्या तपासणी-उपचारांची सरकारी योजना) विचारा, 2013 पासून आहे, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं, तिथे 6 वर्षांपर्यंतची मुलं बघतात, फिजिओथेरपीही होते.

ऑपरेशन किंवा भूल म्हटलं की लगेच संस्थेला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा, संमतीपत्रावर सही कुणाची चालेल ते लेखी घ्या. आम्ही हे उशिरा विचारलं आणि तारीख पुढे गेली.