‘फक्त बघायचाच ॲक्सेस दे ना’: सिएममधल्या परमिशन सांभाळताना आलेला अनुभव

सॉकमध्ये, म्हणजे कंपनीवरच्या सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, लागल्यावर पहिले काही महिने अलर्ट बघण्यातच जातात आणि मग एक दिवस टीम लीड सहज म्हणतो, आजपासून सिएमचे (सगळ्या सिस्टमचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एका जागी गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरचे) युजर तू बघ. ऐकायला अगदी कारकुनी काम, कोणी आला की अकाउंट काढा, गेला की बंद करा. मलाही तसंच वाटलेलं, आणि खरं सांगायचं तर जरा रागच आला होता की बाकीचे थ्रेट हंटिंग (लपलेल्या हल्लेखोरांचा शोध) करतायत आणि मी इथे चेकबॉक्स टिक करत बसलेय. तो राग उतरला एका चुकीने, तीच आधी सांगते.

नेटवर्क टीममधल्या एकाला फायरवॉलचे लॉग बघायचे होते. मी त्याच्यासाठी नवीन रोल (हक्कांचा संच) बनवला, त्यात फक्त फायरवॉलचा इंडेक्स (लॉग साठवायचा कप्पा) दिला, झालं. पंधरा दिवसांनी तो म्हणाला एक डॅशबोर्ड उघडत नाहीये. संध्याकाळची घाईची वेळ, मी फार खोलात न जाता स्प्लंकमध्ये, म्हणजे आमच्या सिएममध्ये, तयार मिळणारा ‘युजर’ नावाचा रोल त्याला जोडीला देऊन टाकला, नंतर काढू म्हणून. डॅशबोर्ड उघडला, तो खूश, मी पण खूश. दोन दिवसांनी तोच माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, मॅडम, मला प्रॉक्सीच्या लॉगमध्ये सगळ्या ऑफिसातलं कोण कुठली साइट बघतंय तेही दिसतंय, हे असंच असतं का? माणूस भला म्हणून निभावलं.

झालं काय होतं, तर स्प्लंकच्या त्या तयार ‘युजर’ रोलमध्ये इंडेक्सच्या जागी मुळातच स्टार असतो, म्हणजे आतले सिस्टमचे इंडेक्स सोडून बाकी सगळे. आणि स्प्लंकमध्ये रोल एकमेकांत मिळवले जातात, वजा होत नाहीत. एका रोलने एक इंडेक्स दिला आणि दुसऱ्याने सगळे दिले तर माणसाला सगळे मिळतात, पहिल्या रोलमधली तुमची सगळी मेहनत पाण्यात. याचंच जास्त फसवं रूप म्हणजे इनहेरिटन्स. नवीन रोल बनवताना सोयीसाठी ‘युजर’ रोलवरून इनहेरिट करायचं आणि खाली इंडेक्सच्या यादीत एकच टिक करायची, स्क्रीनवर छान दिसतं पण वरून आलेला स्टार तसाच राहतो. वारशाने आलेला इंडेक्स खालच्या रोलमध्ये नुसती टिक काढून जात नाही. म्हणून आता मी कस्टम रोल कोऱ्या पाटीवरूनच सुरू करते आणि लागतील त्या कॅपॅबिलिटी (काय काय करता येईल ते हक्क) एकेक करून देते, वेळ लागतो, लागू दे.

हे फक्त स्प्लंकचं नाही. इलॅस्टिक या दुसऱ्या सिएममध्ये डॉक्युमेंट लेव्हल सिक्युरिटी लावता येते, म्हणजे एकाच इंडेक्समधली ठराविकच डॉक्युमेंट (नोंदी) दिसतील असं करता येतं, पण त्याच माणसाकडे त्याच इंडेक्सवर असं बंधन नसलेला दुसरा रोल असेल तर त्याला सगळी डॉक्युमेंट दिसतात. आणि किबानातले (इलॅस्टिकचा डेटा जिथे बघतात त्या स्क्रीनमधले) स्पेसेस म्हणजे कुलूप नाही हो, ते डॅशबोर्ड वगैरे नीट लावून ठेवायचे कप्पे आहेत, डेटा अडतो तो इंडेक्सच्या प्रिव्हिलेजवर. कित्येक जण वेगळी स्पेस दिली म्हणजे डेटा वेगळा झाला असं धरून चालतात. अझुरच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, सेंटिनेल या सिएममध्ये रीडर, रिस्पॉन्डर, कॉन्ट्रिब्युटर असे रोल आहेत, ते तुम्ही नीट मोजूनमापून देता, पण एखाद्याला वर सबस्क्रिप्शनच्या पातळीवर साधा रीडर मिळालेला असेल तर तो तिथून खाली झिरपत लॉगच्या वर्कस्पेसपर्यंत येतो. क्लाउड टीमने कधी कोणाला काय दिलंय हे सिएमच्या स्क्रीनवर बसून कळत नाही, त्यांना जाऊन विचारावंच लागतं.

क्यूरेडार या सिएमची पद्धत मला त्या मानाने आवडते. तिथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात, युजर रोल म्हणजे तुम्ही काय करू शकता आणि सिक्युरिटी प्रोफाइल म्हणजे कुठला डेटा बघू शकता. नवशिक्याच्या डोक्यात हा फरक पहिल्याच दिवशी बसतो. पण तिथेही एक मेख आहे, प्रोफाइलमध्ये नेटवर्क आणि लॉग सोर्स दोन्ही निवडल्यावर त्यांचा मेळ कसा घालायचा ते ठरवायचं असतं, दोन्ही जुळले तरच दाखव की कुठलंही एक जुळलं तरी दाखव. ‘अँड’ आणि ‘ऑर’ची अदलाबदल झाली की एकतर माणसाला काहीच दिसत नाही आणि तो लगेच ओरडतो, किंवा नको तेवढं दिसतं आणि तो गप्प बसतो. हे कायम लक्षात ठेवा, कमी ॲक्सेसची तक्रार दहा मिनिटांत येते, जास्त ॲक्सेसची तक्रार कोणीच करत नाही. आणि हो, बदल केल्यावर डिप्लॉय चेंजेस दाबायचं विसरू नका, अर्धा दिवस डोकं खाजवत बसाल.

वाझू या सिएमवर काम करणार असाल तर तिथे परमिशन दोन ठिकाणी असतात, एक इंडेक्सरच्या (डेटा साठवणाऱ्या भागाच्या) बाजूला आणि दुसरी वाझूच्या स्वतःच्या एपीआयच्या (ज्यातून वाझूला हुकूम देतात त्या दाराच्या) बाजूला. एपीआयकडून एखाद्या ग्रुपचे एजंट (मशीनवर बसवलेले लॉग पाठवणारे प्रोग्राम) लपवले तरी अलर्ट इंडेक्सरमधून येतात, तिथे वेगळा फिल्टर लावला नाही तर अलर्ट दिसतच राहतात.

आता लोक नेहमी विचारतात ते, की लॉगच तर आहेत, बघितले तर काय बिघडलं? मीसुद्धा आधी हेच म्हणायचे. मग विंडोजचे ४६२५ म्हणजे लॉगिन फेल झाल्याचे इव्हेंट रोज बघायला लागले, त्यात युजरनेमच्या रकान्यात मधूनच काहीतरी विचित्र दिसायचं, मोठी अक्षरं, आकडे, शेवटी ॲटचं चिन्ह. घाईघाईत माणूस युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करून एंटर मारतो, आणि पुढच्याच मिनिटाला त्याचं यशस्वी लॉगिन म्हणजे ४६२४ येतं. दोन ओळी शेजारी ठेवल्या की नावही मिळालं आणि पासवर्डही. लिनक्सच्या लॉगिन लॉगमध्येही अगदी हेच होतं. ४६८८ म्हणजे नवीन प्रोसेस सुरू झाल्याचा इव्हेंट, त्यात कमांड लाइन नोंदवायचं चालू केलेलं असेल तर स्क्रिप्टमध्ये कोणी पासवर्ड लिहिला असला की तो जसाच्या तसा सिएममध्ये येऊन बसतो. प्रॉक्सी, मेल, व्हीपीएन हे तर माणसाच्या दिवसाचं वेळापत्रकच. तेव्हा ‘फक्त बघायचाच’ ॲक्सेस असं काही नसतं, इव्हेंट डेटामध्ये बघणं हेच सगळ्यात मोठं असतं.

म्हणून आता कोणी ॲक्सेस मागितला की मी कुठला लॉग पाहिजे असं विचारतच नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं, सगळेच द्या, कधी काय लागेल सांगता येत नाही. त्याऐवजी मी विचारते की तुम्हाला नेमक्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधायचंय. बऱ्याचदा कळतं की त्याला लॉग नकोच आहेत, दर आठवड्याचा एक आकडा पाहिजे. मग रिपोर्ट दिला की काम झालं, अकाउंट काढायचीही गरज नाही.

पण रिपोर्टचीही एक गंमत आहे आणि ती मला सगळ्यात उशिरा कळली. डेटा समोरच्या दारातून जितका बाहेर जातो त्याहून जास्त मागच्या दारातून जातो. स्प्लंकमध्ये सेव्ह केलेला रिपोर्ट मालकाच्या हक्कांनी चालवायचा की बघणाऱ्याच्या, हे निवडता येतं. मालक ॲडमिन असेल आणि रिपोर्ट मालकाच्या हक्कांनी चालत असेल, तर बघणाऱ्याच्या रोलवर कितीही बंधनं असू देत, त्या रिपोर्टपुरतं त्याला सगळं दिसणार. समरी इंडेक्स हा दुसरा रस्ता. मूळ इंडेक्सला तुम्ही कडीकुलूप लावलं, पण त्यातलाच डेटा गाळून कोणीतरी रोज दुसऱ्या इंडेक्समध्ये टाकतंय, आणि तो दुसरा इंडेक्स सगळ्यांना खुला. मग ईमेलने जाणाऱ्या सीएसव्ही, चॅट ग्रुपमध्ये पडणारे अलर्ट ज्यात अख्खा रॉ इव्हेंट चिकटवलेला असतो, टिकेटिंग टूलमध्ये कॉपी झालेले लॉग. एकदा इव्हेंट सिएमच्या बाहेर पडला की तुमचे रोल तिथे लागू होत नाहीत. नवीन ठिकाणी हे काम हातात आलं तर रोलची यादी काढायच्या आधी शेड्युल केलेल्या सर्च आणि त्यांचे ईमेल पत्ते यांची यादी काढा, माझ्या मते तिथे जास्त सापडतं.

फिल्टरबद्दल थोडं. सगळा डेटा एकाच इंडेक्समध्ये कोंबलेला असला की लोक रोलला सर्च फिल्टर लावून भागवतात. नाइलाज असेल तर ठीक, पण स्प्लंकमध्ये एका माणसाचे दोन रोल असले की त्यांचे फिल्टर डीफॉल्टने ‘ऑर’ने जोडले जातात, म्हणजे परत बेरीजच. आणि फिल्टर जर सर्चच्या वेळी तयार होणाऱ्या फील्डवर किंवा टॅगवर लावला असेल तर ती व्याख्या युजर स्वतः बदलून त्याला वळसा घालू शकतो. होस्ट (कुठली मशीन), सोर्सटाइप (कुठल्या प्रकारचा लॉग), इंडेक्स अशा आधीच पक्क्या झालेल्या गोष्टींवर फिल्टर लावणं त्यातल्या त्यात बरं. खरं उत्तर मात्र सुरुवातीलाच आहे, नवीन लॉग सोर्स आणताना हा डेटा कोणी बघायचा आणि किती दिवस ठेवायचा हे दोन प्रश्न विचारून इंडेक्स ठरवायचा. नंतर वेगळा इंडेक्स केला तरी जुना डेटा उठून तिकडे जात नाही. मला हे सांगायला कोणी नव्हतं, मी वर्षभर फिल्टरांचा गुंता सोडवत बसले होते.

टेस्टिंग. सेटिंगच्या स्क्रीनवर अजिबात विश्वास ठेवू नका. प्रत्येक रोलसाठी एक डमी अकाउंट ठेवा, बदल केला की त्याने लॉगिन करा आणि जे दिसायला नको ते मुद्दाम शोधा. दिसायला हवं ते दिसलं म्हणून खूश होऊन थांबतात सगळे, मीही थांबलेच होते ना त्या डॅशबोर्डच्या वेळी. गेल्या तीस दिवसांचा इंडेक्सप्रमाणे काउंट काढला की दोन मिनिटांत कळतं कुठे काय उघडं आहे. आणि ही टेस्ट अपग्रेडनंतर परत करा.

ॲडमिनवर कोण लक्ष ठेवणार हा प्रश्न नवीन माणूस विचारायला लाजतो, विचारा. स्प्लंकमध्ये कोणी काय सर्च केलं ते ऑडिटच्या इंडेक्समध्ये नोंदलं जातं, त्यामुळे तो इंडेक्स कोणाला दिसतो हे फार नाजूक प्रकरण आहे. समजा एखाद्या कर्मचाऱ्याची गुपचूप चौकशी चालू आहे, तपास करणाऱ्याने त्याचं नाव टाकून सर्च केलं, तर ऑडिट इंडेक्स बघू शकणाऱ्या प्रत्येकाला ते नाव कळलं. मूळ लॉग लपवून उपयोग काय मग? इव्हेंट डिलीट करण्याचा हक्क तर ॲडमिनलाही आपोआप मिळत नाही, त्यासाठी कॅन-डिलीट नावाचा वेगळा रोल असतो, तो कोणाच्याच रोजच्या अकाउंटवर ठेवू नका. बरं, डिलीट करूनही डेटा फक्त सर्चमधून गायब होतो, डिस्कवरची जागा मोकळी होत नाही, म्हणून जागा करायला कोणी हा रोल मागितला तर हसून नाही म्हणायचं.

माणसं सोडून जातात तेव्हाचं वेगळंच. रोल थेट माणसाला न देता डिरेक्टरीतल्या (कंपनीच्या युजर यादीतल्या) ग्रुपला जोडले की निम्मं काम आपोआप होतं. उरलेलं निम्मं म्हणजे लोकल अकाउंट आणि एपीआय टोकन (पासवर्डऐवजी प्रोग्राम वापरतात त्या किल्ल्या), ते डिरेक्टरीतून नाव काढलं तरी जिवंत राहू शकतात, हाताने शोधावे लागतात. आणि उलटा घोळही होतो, एकाचं अकाउंट मी तत्परतेने उडवलं आणि त्याच्या नावावरच्या शेड्युल सर्च अनाथ झाल्या. मालक नसला की स्प्लंक त्या चालवतच नाही. त्यातल्या दोन अलर्ट महत्त्वाच्या होत्या, आठवडाभर शांतता होती आणि आम्हाला वाटलं वा, किती छान आठवडा गेला. तेव्हापासून आधी मालकी बदलते, मग अकाउंट बंद.

इंटरव्ह्यूसाठी थोडी जुनी माहिती कामाला येते. कमीत कमी हक्क द्यायचे हे तत्त्व सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ च्या पेपरमध्ये मांडलं, रोलवर आधारित ॲक्सेसचं मॉडेल फेरायोलो आणि कून यांनी १९९२ मध्ये. लॉग मॅनेजमेंटसाठी निस्ट या अमेरिकी मानक संस्थेचं ८००-९२ हे २००६ चं मार्गदर्शक आहे, आणि कार्डांच्या डेटासाठीच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीत ऑडिट लॉग कामापुरती गरज असलेल्यांनाच वाचता यावेत असं स्पष्ट लिहिलंय. पाठ करून फेकू नका, एखादा स्वतःचा किस्सा जोडा, समोरचा तेच ऐकायला बसलेला असतो.

घरी सराव करायचा तर एक सावध करते, स्प्लंकचं फ्री लायसन्स घेतलं तर त्यात युजर आणि रोल हा प्रकारच नसतो, लॉगिनच विचारत नाही. साठ दिवसांच्या ट्रायलमध्ये सगळं असतं, तेवढ्यात उरकून घ्या. इलॅस्टिकमध्ये साधे रोल मे २०१९ पासून फुकट आहेत पण डॉक्युमेंट लेव्हलचं बंधन पैसे देऊन किंवा ट्रायलमध्येच. वाझू मात्र पूर्ण मोफत आहे आणि त्याचा इंडेक्सर ओपनसर्च या मोफत सर्च सॉफ्टवेअरवर बेतलेला असल्यामुळे डॉक्युमेंट लेव्हलचं बंधनही त्यात मिळतं. दोन मशीन जोडा, प्रत्येकाला वेगळा ग्रुप द्या, आणि असं एक अकाउंट बनवा ज्याला पहिल्याच मशीनचे अलर्ट दिसतील. मग त्याच अकाउंटला दुसरा, बंधन नसलेला रोल जोडून बघा काय होतं ते.