२०१२ची तिरंगी सिरीज परत लावायची असेल तर आधी हे जमवून ठेवा

सुट्टीत पोरांना जुनं क्रिकेट दाखवायचं म्हटलं की लोक सरळ होबार्टची कोहलीची इनिंग लावतात, दहा मिनिटांत ती संपते, पोरं "भारी होतं" म्हणतात आणि परत आपापल्या मोबाइलमध्ये. त्यापेक्षा ती इनिंग ज्या सिरीजमधली आहे ती अख्खी लावा. फेब्रुवारी-मार्च २०१२, ऑस्ट्रेलियातली सीबी सिरीज, ऑस्ट्रेलिया, भारत आणि श्रीलंका, बारा लीग मॅच आणि मग बेस्ट ऑफ थ्री फायनल. हल्ली तिरंगी सिरीज होतातच कुठे फारशा, त्यामुळे आत्ताच्या दहा-बारा वर्षांच्या पोरांना हा प्रकारच माहीत नाही, त्यांना दोन टीमची सिरीज माहितीये नाहीतर मग थेट वर्ल्ड कप आणि आयपीएल. तिसऱ्या टीमची मॅच जीव मुठीत धरून बघायची वेळ त्यांच्यावर आलेली नाही. ती आणायची, त्यासाठी ही तयारी.

पहिलं काम, निकाल लपवणं. हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळे हेच शेवटी ढकलतात. व्हिडिओच्या नावातच कोण जिंकलं ते लिहिलेलं असतं, खाली सजेशनमध्ये पुढच्या मॅचचा फोटो येतो, त्यात कोणीतरी कप घेऊन उभं असतं, झालं. त्यामुळे घरातल्या एका मोठ्या माणसाला निकालाची राखणदारी द्या, त्याने आदल्या रात्री सगळे व्हिडिओ शोधून क्रमाने प्लेलिस्ट करून ठेवायची, ऑटोप्ले बंद करायचं आणि टीव्हीवर फुलस्क्रीन झाल्याशिवाय कोणाला हॉलमध्ये घ्यायचं नाही. लॅपटॉपवर बघणार असाल तर स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर वहीचा कागद सेलोटेपने चिकटवा, दिसायला गावठी पण काम होतं, फक्त मॅच चालू असताना स्कोअर दिसेल एवढा वर सरकवता आला पाहिजे. सगळ्या मॅच पूर्ण मिळतीलच असं धरून चालू नका, जिथे नुसत्या हायलाइट्स आहेत तिथे स्कोअरकार्ड आणि बॉल बाय बॉल कॉमेंट्री हाताशी ठेवा आणि राखणदाराने मधल्या ओव्हर वाचून दाखवायच्या, जरा नाटकीपणे वाचल्या तर उलट जास्त रंगत येते.

दुसरं म्हणजे चिठ्ठ्या. सगळेच इंडियाकडून बसले तर ऑस्ट्रेलिया-श्रीलंका मॅचला खोलीत कोणी थांबणार नाही आणि मग अख्ख्या खटाटोपाला अर्थच उरत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच चिठ्ठ्या टाका, एक तृतीयांश पोरं लंकेकडून, एक तृतीयांश ऑस्ट्रेलियाकडून, आणि ज्याला जी टीम मिळाली ती शेवटपर्यंत, बदलून मिळणार नाही. ऑस्ट्रेलिया मिळालेलं पोर रडतं, रडू दे, फायनलला तेच सगळ्यात जास्त नाचणार आहे (हे त्याला आत्ता सांगायचं नाही). लंकेवाल्यांना कॅप्टन जयवर्धने, संगकारा, दिलशान, मलिंगा, मॅथ्यूज एवढी नावं पाठ करून घ्या. चंडिमलकडे लक्ष ठेवायला सांगा, तेव्हा तो अगदी नवखा पोरगा होता.

आता मुख्य सामान, भिंतीवरचा तक्ता. मोठा चार्ट पेपर घ्या, मोबाइलमधलं टेबल नको, भिंतीवर समोर दिसलं पाहिजे आणि प्रत्येक मॅचनंतर पोरांनीच भरलं पाहिजे. तीन टीम, पुढे मॅच, जिंकले, हरले, टाय, बोनस, पॉइंट आणि शेवटचा रकाना रनरेटचा, तो पेन्सिलने कारण खोडावा लागणार. जिंकलं की चार पॉइंट, टाय झाली तर दोघांना दोन-दोन, आणि समोरच्याच्या सव्वापट रनरेटने जिंकलात तर एक बोनस. हा बोनस नीट समजावून सांगा, कारण सगळी भानगड तिथेच आहे. समजा पहिल्या टीमने पन्नास ओव्हरमध्ये २५० केले, म्हणजे पाचचा रेट, मग समोरच्यांना २००च्या आत किंवा २००वर थांबवलं की बोनस, कारण चारची सव्वापट पाच. ऑलआउट झालं की कितीही ओव्हर खेळले असोत, भागाकार पूर्ण कोट्याने करायचा, हे पोरांना पटत नाही, दोन-तीनदा करून दाखवा. २६ फेब्रुवारीची सिडनीची मॅच त्यासाठी उत्तम आहे, ऑस्ट्रेलिया २५२, आपण १६५ ऑलआउट, आपला रेट धरायचा ३.३०, त्यांचा ५.०४, बोनस गेला त्यांच्याकडे. आणि कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, ३६.४ ओव्हर म्हणजे ३६ पूर्णांक ४ दशांश नाही, छत्तीस ओव्हर आणि चार बॉल, म्हणजे ३६.६७ टाकायचं. नाहीतर उत्तर चुकतं आणि भांडण होतं.

वेळापत्रकाचं म्हणाल तर तेव्हा आपल्याकडे मॅच सकाळी असायच्या, मेलबर्न, सिडनी, होबार्ट उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, ॲडलेड पाच, ब्रिस्बेन साडेचार आणि पर्थ फक्त अडीच. ऑफिसला निघताना टॉस आणि डबा खाताना दुसरी इनिंग असा प्रकार होता. आता तसं पाळायची गरज नाही, संध्याकाळी लावा, पण क्रम मात्र मोडू नका आणि एका दिवशी दोनपेक्षा जास्त मॅच नकोत. विशेषतः "ही आपली नाहीये, सोडून देऊ" हे चालवून घेऊ नका. १० फेब्रुवारीला पर्थला ऑस्ट्रेलिया लंकेशी फक्त पाच रनने जिंकली, मॅथ्यूजने जवळजवळ काढलीच होती मॅच. २४ला होबार्टला ऑस्ट्रेलियाचे २८०, फॉरेस्टचं शतक, आणि लंकेने ते तीन विकेट राखून पार केले. या दोन्ही मॅचमध्ये इंडिया नाही, पण तक्त्यात प्रत्येक वेळी इंडियाचं वरच्या टीमपासूनचं अंतर वाढलेलं दिसतं, आणि हे पोरांच्या लक्षात आलं की अर्धं काम झालं.

थोडी माहिती आधी द्यायला लागेल, फार नको. तेव्हा दोन्ही टोकांकडून नवा बॉल असायचा हे सांगा, ऑक्टोबर २०११ पासूनच तसं झालं होतं, आणि बॅटिंग पॉवरप्ले नावाची एक गोष्ट होती (बॅटिंग टीम मागेल तेव्हा पाच ओव्हर बहुतेक फील्डर आत ठेवायचे), तो सोळा ते चाळीस ओव्हरच्या मध्येच घ्यावा लागायचा. धोनी कॅप्टन, पण ओव्हररेट स्लो म्हणून एका मॅचसाठी बाहेर, २१ तारखेची ब्रिस्बेनची मॅच सेहवागने सांभाळली आणि आपण ५१ रनने हरलो. सचिन, सेहवाग, गंभीर यांना आलटूनपालटून खेळवायचा उद्योग चालला होता, त्यावरून घराघरात वाद, आमच्या मते तो चुकीचाच होता पण हा विषय पोरांसमोर काढू नका, तासभर जातो. सचिनचं शंभरावं शतक तेव्हा व्हायचं होतं, प्रत्येक मॅचला "आज" असं वाटायचं आणि आज काही यायचं नाही, ते झालं पुढे १६ मार्चला मीरपूरला, बांगलादेशविरुद्ध. म्हणजे सचिन बॅटिंगला आला की तेव्हा घरात कसं वातावरण असायचं ते सांगायला आजी-आजोबांना बोलवा, ती जबाबदारी त्यांची. ऑस्ट्रेलियाकडून पाँटिंग सिरीज चालू असतानाच टीमबाहेर गेला हेही सांगून ठेवा, नाहीतर मध्येच "तो कुठे गेला" विचारतात.

खाण्याचं जास्त काही करू नका. भाजणीची चकली, भेळेचं सामान, मे महिना असेल तर पन्हं करून फ्रीजमध्ये. तळायचं काही ठेवलं की एक माणूस स्वयंपाकघरात अडकतो आणि नेमकी विकेट तेव्हाच पडते. १२ आणि १४ फेब्रुवारीच्या ॲडलेडच्या दोन मॅचना तर गॅस पेटवूच नका. पहिलीत धोनीने शेवटच्या ओव्हरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकायला मारलेली सिक्स आहे. दुसरी लंकेशी टाय आहे, २३६-२३६, शेवटच्या बॉलला चार हवे होते आणि तीन झाले. त्याच मॅचमध्ये मलिंगाची एक ओव्हर अंपायरने मोजताना चुकून पाचच बॉलची झाली होती, तिसावी ओव्हर. पोरांना ते आधी सांगू नका, मोजायला लावा, एखादं हुशार पोर ओरडतंच. आणि मग टाय झाल्यावर त्या सहाव्या बॉलवरून जी चर्चा होते ती मॅचपेक्षा मोठी चालते.

होबार्टच्या दिवशी वेगळी तयारी लागते. २८ फेब्रुवारी. लंकेची इनिंग संपली की व्हिडिओ थांबवा, दिलशान नाबाद १६०, संगकारा १०५, एकूण ३२०. आता चॉक, पाटी, जे असेल ते काढा आणि इंडियावाल्या पोरांना विचारा की नुसतं जिंकून भागणार आहे का. तक्त्यावर बघायला लावा. इंडियाचे दहा, लंकेचे पंधरा, जिंकून चौदा होतात, म्हणजे बोनस पाहिजेच. ३२० भागिले ५०, ६.४०. त्याचं सव्वापट बरोबर आठ. म्हणजे आठच्या रेटने ३२१ करायचे, चाळीस ओव्हरमध्ये. हा चाळीसचा आकडा टीव्हीवर तेव्हा सारखा दिसत होता पण तो कुठून आला हे कित्येकांना आजही माहीत नसतं, पोरांनी तो स्वतः काढला की पुढच्या दोन तासांची किंमतच वेगळी होते. भिंतीवर ओव्हरप्रमाणे हवे असलेले रन लिहून ठेवा, दहा ओव्हरला ८०, वीसला १६०, तीसला २४०, आणि प्रत्येक टप्प्याला शेजारी खरा आकडा. मग चालू करा. सेहवाग-सचिनने धडाक्यात सुरुवात केलीये, गंभीर आहे, रैना आहे, आणि कोहली ८६ बॉलमध्ये नाबाद १३३, तेवीस वर्षांचा. मलिंगाच्या एका ओव्हरमध्ये दोन, सहा आणि मग सलग चार फोर, चोवीस रन. मलिंगाचे आकडे ७.४ ओव्हर ९६ रन, हे लंकावाल्या पोराला लगेच दाखवू नका, तो आधीच गप्प झालेला असतो. ३६.४ ओव्हरमध्ये खेळ खल्लास.

आणि इथे सगळे थांबतात. हायलाइट्सवाले थांबतात, व्हॉट्सॲपवर फिरणारे व्हिडिओ थांबतात. तुम्ही थांबू नका, त्याच रात्री पुढची मॅच मात्र लावू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. तेव्हाही तसंच होतं, होबार्टनंतर मेलबर्नची मॅच २ मार्चला, लीप वर्ष म्हणून मध्ये २९ फेब्रुवारीसुद्धा होती, तेवढे दिवस आपण सगळे ऑस्ट्रेलिया जिंकू दे म्हणत बसलो होतो, जन्मात कधी म्हटलं नव्हतं ते. तक्त्यावर भारत १५, लंका १५, भारताच्या आठही मॅच संपलेल्या. लंका हरली तर आपण फायनलला, नाहीतर घरी. त्या संध्याकाळी खोलीत बसायची जागा बदला, इंडिया आणि ऑस्ट्रेलियावाले एका सतरंजीवर, लंकावाले एकटे समोर. लंकेचे २३८, ऑस्ट्रेलिया पाठलागाला, डेव्हिड हसी एका बाजूने लढतोय, मलिंगाने चार काढल्या, आणि हसी ७४वर शेवटचा गडी म्हणून जातो, २२९. नऊ रन. होबार्टला कोपऱ्यात बसलेला लंकावाला पोरगा आता अख्ख्या घरात एकटा ओरडतोय, त्याला ओरडू द्या, कोणी रागवायचं नाही हे मोठ्यांना आधीच बजावून ठेवा.

तक्ता भरा, ऑस्ट्रेलिया १९, लंका १९, भारत १५. आणि मग पोरांना एकच शोधायला सांगा की चार पॉइंट कुठे गेले. ऑस्ट्रेलियाने आपल्याला तीन वेळा हरवलं आणि तिन्ही वेळा बोनससकट, ६५ रनने, ११० रनने, ८७ रनने. लंकेशी टायमध्ये दोन राहिले. लंकेला बोनस मिळाला तो सिडनीला ऑस्ट्रेलियाला आठ विकेटने हरवल्यावर, म्हणजे ज्या मॅचला आपण टीव्ही बंद ठेवला असता त्या मॅचला. माझं मत विचाराल तर आपण मेलबर्नला बाहेर पडलोच नाही, ५ फेब्रुवारीला पहिल्याच मॅचला पावसाने ३२ ओव्हरची झालेली लढत १५१ला गुंडाळून दिली तिथपासून गळती सुरू होती.

फायनल बघायच्या की नाही यावर घरात मतभेद होणार, इंडियावाले म्हणणार कशाला. बघायच्या, चिठ्ठ्या त्यासाठीच टाकल्या होत्या. ब्रिस्बेनला वॉर्नर १६३ आणि तरी मॅच फक्त पंधरा रनने, ॲडलेडला दिलशान १०६ आणि लंका आठ विकेटने, आणि तिसरी पुन्हा ॲडलेडलाच, ऑस्ट्रेलिया २३१, मॅकायच्या पाच विकेट, सोळा रनने कप त्यांचा. इंडियावाल्या पोरांना या तीन दिवसांसाठी काम द्या, एकाला स्कोअर लिहायला, एकाला रनरेट काढायला, एकाला पन्हं वाटायला, रिकामं बसलेलं पोर मोबाइल काढतं आणि निकाल फोडतं. बक्षीस म्हणून पेढ्यांचा बॉक्स आधी आणून ठेवा पण राखणदाराकडेच, आणि तो ऑस्ट्रेलियावाल्याच्या हातात द्यायचा, वाटायचा की नाही ते त्याचं तो ठरवेल.