कामगाराच्या स्वतःच्या फोनवर कारखान्याचं काम: मध्ये भिंत कशी घालायची

बेळगावच्या उद्यमबागेतल्या बहुतेक फाउंड्र्यांत नि मशीन शॉपमध्ये कंपनीचा फोन मॅनेजरच्या खाली कुणाला मिळत नाही. सुपरवायझर, क्वालिटीचा पोरगा, डिस्पॅचवाला, सगळे आपापल्या फोनवर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग उघडतात, कास्टिंगमधल्या ब्लोहोलचा, म्हणजे हवेनं पडलेल्या पोकळीचा, फोटो काढतात आणि पुण्याला पाठवतात. तोच फोन रात्री घरी पोरांच्या हातात, गेम खेळायला. यावर दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात: फोन गेटवर जमा करा, नाहीतर सगळ्यांच्या फोनात अँटिव्हायरस टाका. पहिला सल्ला चार दिवस टिकतो, कारण अकरा वाजता फोटो खुद्द मालकालाच हवा असतो. दुसऱ्याचा इथं फारसा उपयोग नाही, कारण मी पाहिलेली बहुतेक ड्रॉइंगं आपल्याच माणसानं चुकून भलत्या ग्रुपवर टाकल्यामुळं बाहेर गेली.

आधी यादी करा: कोण, कोणता फोन, कशासाठी. तासाभराचं काम.

यादीतले रूट केलेले (म्हणजे आतली कुलपं तोडून सिस्टिममध्ये ढवळाढवळ केलेले) आणि अपडेट बंद पडलेले फोन बाजूला काढा. सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या अपडेटची, तारीख दिसते. ती वर्षाहून जुनी असेल तर त्या फोनवर ना मेल, ना ड्रॉइंग. अशा माणसाला कामासाठी फोन लागतच असेल तर मालकानं साधासा घेऊन द्यावा. बाकीच्यांना सहा आकडी लॉक, आणि वायफायवर फोनांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क.

आता खरं काम, वर्क प्रोफाइल. अँड्रॉइडमध्ये ही सोय 2014 च्या 5.0 आवृत्तीपासून आहे. फोनमध्ये कामाच्या ॲपांचा एक वेगळा कप्पा तयार होतो आणि त्यातल्या प्रत्येक ॲपवर ब्रीफकेसचं छोटं चिन्ह दिसतं. कंपनीची सत्ता त्या कप्प्यापुरती. हे कळायला मला एक मोठी चूक करावी लागली.

तेव्हा मी प्रोफाइल वगैरे काही करत नव्हतो. लोकांच्या फोनात ऑफिसचा मेल टाकायचा, 'ॲडमिनला परवानगी द्या' आलं की होय म्हणायचं, झालं. एका सुपरवायझरचा फोन कुठंतरी पडला म्हणून मी पॅनलमधून (जोडलेले फोन ऑफिसातून सांभाळायचं पान) डेटा पुसायचा हुकूम सोडला. दोन पर्याय होते, फक्त खातं पुसायचा आणि अख्खं डिव्हाइस पुसायचा. घाईत दुसरा दाबला. फोन संध्याकाळी त्याच्याच स्कूटरच्या डिकीत सापडला, कोरा करकरीत. पोरीच्या बारशाचे फोटो गेले, बॅकअप कुठंच नव्हता. "सर, हप्ते मी भरलोय की ओ, फोटो तुम्ही कसं काय पुसला?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजूनही नाही. पण त्याहून वाईट पुढं झालं. आठवड्याभरात शॉपमधल्या सगळ्यांनी ऑफिसचा मेल फोनातून काढून टाकला आणि ड्रॉइंगं खासगी व्हॉट्सॲपवरून फिरू लागली. सुरक्षेच्या नावाखाली होती ती सुरक्षाही मीच घालवली.

म्हणून अख्ख्या फोनवर ताबा कधीही मागू नका, कुणी हौसेनं दिला तरी घेऊ नका. फोन कामगाराचा असेल तर प्रोफाइलच बनवा. तसं केलं की पुसायचा हुकूम सुटला तरी तेवढा कप्पाच जातो, बाकी फोनला धक्का लागत नाही. ही गोष्ट सांगून कुणाला पटत नाही, करून दाखवावी लागते. मी पहिल्याच दिवशी एखाद्याच्या फोनात प्रोफाइल बनवतो, त्यात एक ड्रॉइंग उतरवतो, मग सगळ्यांसमोर पॅनलमधून पुसून टाकतो. ब्रीफकेसवाली ॲपं गायब होतात, गॅलरीतले घरचे फोटो जागच्या जागी. त्यानंतर फोन पुढं करायला लोक फारसे कुरकुरत नाहीत. कामाची ॲपं रात्री बंद ठेवता येतात हेही तेव्हाच सांगा. ते सगळ्यांना आवडतं, मालक सोडून.

प्रोफाइल बनताना अडकलं तर आधी फोनमधली सेकंड स्पेस किंवा ड्युअल ॲप (काही फोनांत आधीच असलेली दुसऱ्या कप्प्याची किंवा एकाच ॲपच्या दोन प्रतींची सोय) बंद करून बघा. मी एकदा अख्खी दुपार यात घालवलीय.

फसगत होते ती कॅमेऱ्यात. माणूस सवयीनं नेहमीचा कॅमेरा उघडतो आणि ब्लोहोलचा फोटो घरच्या गॅलरीत जाऊन पडतो. तिथून तो आपोआप त्याच्या खासगी क्लाउडवर चढतो, म्हणजे भिंत घालून काही उपयोग नाही. पॅनलमधून प्रोफाइलमधला कॅमेरा चालू करा, त्याचं आयकॉन होम स्क्रीनवर अंगठ्याखाली ठेवा, दुसरा कॅमेरा मागच्या पानावर ढकला. महिनाभर टोकत राहावं लागतं.

व्हॉट्सॲपमध्ये 2023 पासून एकाच ॲपात दोन खाती चालतात. त्यावर विसंबू नका. दोन्ही खाती भिंतीच्या एकाच बाजूला राहतात. प्रोफाइलच्या आत वेगळं व्हॉट्सॲप बिझनेस, त्याला कंपनीच्या नावावरचं सिम. गिऱ्हाइकाकडं तोच नंबर जाऊ द्या. लिंक केलेली डिव्हाइसं महिन्यातून एकदा उघडून बघा, जुन्या ऑफिसातला कॉम्प्युटर तिथं अजून जोडलेला सापडतो.

फोन हरवला तर आधी सर्व्हरकडून त्या खात्याचा पासवर्ड बदला आणि सगळी सेशन्स तोडा, पुसायचा हुकूम नंतर. फोन नेटवर आल्याशिवाय तो पोचतच नाही, आणि चोर पहिल्यांदा सिम काढतो. मग पोलिसांत तक्रार, आणि तिची प्रत जोडून सीईआयआरवर, म्हणजे हरवलेल्या फोनांसाठीच्या सरकारी पोर्टलवर, आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) ब्लॉक. हा नंबर आधीच यादीत लिहून ठेवलेला बरा, *#06# दाबलं की दिसतो. खात्यातून पैसेही गेले असतील तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. आपल्याकडं निम्मी माणसं महाराष्ट्रातल्या शिनोळी-चंदगडकडून येतात आणि तक्रार महाराष्ट्रात द्यायची की कर्नाटकात यावर तासभर जातो. 1930 दोन्हीकडं एकच आहे, आधी फोन लावा, हद्दीचं मागाहून बघा.

माणूस काम सोडून जाताना प्रोफाइल त्याच्या समोर काढा आणि सिम परत घ्या. हिशोबाची सही व्हायच्या आधी, नंतर तो चंदगडात आणि सिम त्याच्या मेहुण्याच्या फोनात असतं.