अंध व्यक्तीला मदत करताना या चुका टाळा

दादर स्टेशन, संध्याकाळची गर्दी. पांढरी काठी घेतलेला एक तरुण प्लॅटफॉर्मवर एकटा उभा होता. मी लगबगीने गेले, त्याचा दंड धरला आणि "चला, जिना इकडे आहे" म्हणत वीसएक पावलं ओढतच नेलं. त्याला जिना नकोच होता. दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे बीप-बीप वाजणारं यंत्र असतं, ते ऐकून तो अगदी नेमक्या जागी उभा होता. तेवढ्यात त्याची गाडी आली आणि गेली. "आता होतो तिथे नेऊन सोडा," एवढंच तो म्हणाला.

पुढे अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून मी परीक्षांना बसू लागले आणि माझीच चूक जागोजागी दिसायला लागली. आपला हात आधी पुढे होतो, तोंड नंतर उघडतं.

न विचारता धरणं

डोळस माणसाला येणारा हात दिसतो. अंध माणसाच्या तो एकदम अंगावर येतो. म्हणून आधी बोला. "नमस्कार, मी तुमच्या उजवीकडे उभी आहे. काही मदत हवी का?" नको म्हणाले तर राग मानू नका. काठी घेऊन चालण्याचं रीतसर प्रशिक्षण असतं, आणि रोजचा रस्ता त्यांच्या पायाखालचा असतो. हो म्हणाले तर त्यांना तुमचं कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. मागून ढकलत नेलंत तर खड्डा आधी त्यांच्या वाट्याला येतो. काठीला तर हातच लावू नका. जमीन कशी आहे ते तीच सांगत असते.

"पायरी आहे" एवढ्याने भागत नाही. चढायची की उतरायची? तेही सांगा, आणि शेवटची आली की "संपल्या" म्हणा. खुर्चीत खांदे दाबून बसवू नका. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, पुढचं ते बघतील.

हो, "बघतील"च. हा शब्द तोंडून गेला म्हणून जीभ चावायची गरज नाही. "काल मॅच बघितली का?" हे मला माझ्याच एका विद्यार्थ्याने विचारलं होतं. "आंधळा" हा शब्द मात्र शिवीसारखा वापरला जातो, तो नको. सरकारी कागदावर "दिव्यांग" असतं, बोलताना बरेच जण सरळ "अंध" म्हणतात. समोरचा स्वतःला जे म्हणवतो ते म्हणा.

"ओळखा पाहू मी कोण?"

लग्नात हा खेळ हमखास होतो. हॉलमध्ये सनई, शंभर आवाज, आणि कोणीतरी मावशी हात पकडून परीक्षा घेते. सरळ नाव सांगा, मावशी. त्याच लग्नात वाढपी सोबतच्या माणसाला विचारतो, "यांना जिलबी वाढू का?" यांना कान आहेत, यांनाच विचारा. आणि ओरडून नको.

जेवणाच्या बाबतीत मला आपली पंगतच सोयीची वाटते. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. वाढणाऱ्याने ही जुनी रीत पाळली तर जेवणाऱ्याला फारसं विचारावं लागत नाही. बुफेत ताट भरून आणून दिलंत तर काय कुठे आहे ते एकदा सांगा. "वाटी इकडे आहे" हे सांगणं नव्हे. "तुमच्या उजव्या हाताशी, ताटाच्या कडेला" हे सांगणं.

दुकानात सुटे परत देताना गठ्ठा हातात कोंबू नका. नव्या नोटांमध्ये 100 आणि 200 च्या लांबीत फक्त 4 मिलिमीटरचा फरक आहे, 200 आणि 500 मध्येही तेवढाच. एकेक नोट द्या, "ही शंभराची" असं म्हणत.

चूक होऊन गेली असेल तर

हात सोडा, एकदा "माफ करा" म्हणा, नाव सांगा, विचारा. लांबलचक क्षमायाचना नको, मग त्यांनाच तुमची समजूत काढावी लागते.

आणि जाताना "मी निघते" सांगून निघा. एका परीक्षेनंतर मी पाण्याची बाटली आणायला गुपचूप उठले. परत आले तेव्हा तो मुलगा रिकाम्या बाकाला तिसरा प्रश्न कसा गेला ते सांगत होता.