बाहेरच्या मॉनिटरचे रंग: प्रोफाइल लावताना या चुका टाळा

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मुखपृष्ठे, लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची छपाईपूर्व कामे करताना एक तक्रार हमखास ऐकू येते: "स्क्रीनवर तर रंग बरोबर दिसत होता." अशा वेळी बहुधा लॅपटॉपला नवा मॉनिटर जोडलेला असतो आणि रंग आवडले नाहीत म्हणून कोणीतरी प्रोफाइल बदलून पाहिलेले असते. वास्तविक आयसीसी प्रोफाइल ही एक नोंद आहे. हा मॉनिटर, आत्ताच्या सेटिंगवर, कोणत्या आकड्याला कोणता रंग दाखवतो एवढेच त्यात लिहिलेले असते आणि ते वाचून फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर मॉनिटरकडे जाणारे आकडे दुरुस्त करून पाठवतात. नोंद चुकीची असेल, तर दुरुस्तीही चुकीचीच होणार.

मॉनिटरचे प्रोफाइल वर्किंग स्पेस म्हणून निवडणे

वर्किंग स्पेस म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ ज्या रंगव्यवस्थेनुसार लावला जातो ती. तिच्या जागी मॉनिटरचे प्रोफाइल निवडण्याची चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला आपण फार काळजीपूर्वक काम करत आहोत असे वाटत असते. एका दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ सदाशिव पेठेतल्या एका तरुण डिझायनरने केले होते. वर झेंडूचे तोरण, खाली डाळिंबी पैठणी आणि मॉनिटर नवाकोरा, वाइड गॅमटचा, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त भडक रंग दाखवू शकणारा. प्रूफ (छपाईचा नमुना) आले तेव्हा झेंडूतला तांबूसपणा गेलेला होता आणि पैठणी मळकट दिसत होती. आधी मशीनला दोष दिला गेला, मग कागदाला. प्रूफ पुन्हा काढले तरी रंग तसेच राहिले. शेवटी फाइल माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात कोणतेच प्रोफाइल एम्बेड केलेले, म्हणजे सोबत जोडलेले, नव्हते. चौकशी केल्यावर समजले की, "मला दिसते तेच फाइलमध्ये जावे" या विचाराने त्याने फोटोशॉपच्या कलर सेटिंग्जमध्ये आरजीबीसाठी (लाल, हिरवा, निळा यांच्या आकड्यांसाठी) मॉनिटरचेच प्रोफाइल निवडले होते आणि फाइल हलकी व्हावी म्हणून सेव्ह करताना प्रोफाइलची खूण काढून टाकली होती. त्या मॉनिटरच्या विस्तृत रंगपट्ट्यात भडक नारिंगी ठरणारे आकडे छापखान्यातल्या संगणकाने एसआरजीबी या सर्वसाधारण रंगव्यवस्थेचे समजून वाचले आणि साहजिकच रंग उतरले.

त्याच्या संगणकावरून मॉनिटरचे प्रोफाइल मागवून मी ते फाइलला आधी असाइन केले आणि त्यानंतरच छापखान्याच्या सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) प्रोफाइलमध्ये कन्व्हर्ट केले. हा क्रम उलटा चालत नाही: असाइन केल्याने आकडे तेच राहून त्यांचा अर्थ बदलतो, तर कन्व्हर्ट केल्याने दिसणारा रंग शक्य तितका तोच राहून आकडे बदलतात. झेंडू परत आला. डाळिंबी रंगाचा सर्वांत तेजस्वी भाग मात्र थोडा दबलेलाच राहिला, कारण तो शाईच्या आवाक्याबाहेरचा होता. फोटोशॉपमधले प्रूफ कलर्स (छापल्यावर रंग कसे दिसतील याची स्क्रीनवरची झलक) सुरू करून काम केले असते, तर हे डिझायनरला आधीच दिसले असते.

मॉनिटरचे प्रोफाइल ऑपरेटिंग सिस्टिममध्येच राहू द्यावे. वर्किंग स्पेस म्हणून मी एसआरजीबीच वापरतो. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये मांडलेली आणि 1999 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेली ही रंगव्यवस्था जवळजवळ सगळीकडे समजते. अ‍ॅडोबी आरजीबी हे त्याहून विस्तृत रंगपट्ट्याचे प्रोफाइल छापखान्याने मागितले तरच द्यावे. काही किलोबाइट वाचवण्यासाठी प्रोफाइल काढून टाकणे ही काटकसर नव्हे.

इंटरनेटवरून उतरवलेले प्रोफाइल

मॉडेल तेच आहे, म्हणून दुसऱ्या कोणाच्या मॉनिटरवर मोजलेले प्रोफाइल आपल्याकडे लावणे म्हणजे शेजारणीच्या मापाने आपला ब्लाउज शिवून घेणे. एकाच मॉडेलच्या दोन पॅनलमध्येही फरक असतो आणि वापरानुसार तो वाढत जातो. कॅलिब्रेटर (मॉनिटरचे रंग मोजणारे उपकरण) नसेल, तर मॉनिटरच्या मेनूतला एसआरजीबी मोड निवडावा, सिस्टिममध्येही एसआरजीबीच ठेवावे आणि पुढे काहीही चाळवू नये. छपाईचे काम नियमित असेल, तर तीन-चार जणांनी मिळून एक कॅलिब्रेटर घ्यावा.

मोजणीपूर्वी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवावा. एवढाही धीर नसणाऱ्यांनी मोजणीच्या फंदात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी पांढरा रंग 6500 केल्विन, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा ठरवणारा आकडा) 2.2 आणि प्रकाशमान प्रति चौरस मीटर 120 कॅन्डेला ठेवतो, मोजणी करतो आणि मेनूतले ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट व रंगांचे आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या पाठीला चिकटवतो. त्यानंतर कोणी दुपारच्या उन्हामुळे ब्राइटनेस वाढवला, तर ते प्रोफाइल त्या मॉनिटरचे उरत नाही. अशा वेळी पडदा ओढावा, बटणाला हात लावू नये.

बाकीच्या चुका

स्क्रीनचा रंग आपोआप बदलणाऱ्या नाइट लाइट किंवा ट्रू टोनसारख्या सोयी चालू ठेवून रंग ठरवू नयेत. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये प्रत्येक मॉनिटर स्वतंत्रपणे निवडून "यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस" या चौकटीत खूण करावी. ती न करता प्रोफाइल जोडण्याचा प्रयत्न करणारे पुष्कळ भेटतात. लॅपटॉपचे प्रोफाइल बाहेरच्या मॉनिटरला देऊ नये. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर काळा रंग राखाडी दिसत असेल, तर प्रोफाइलला हात लावण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आरजीबी रेंज पाहावी. तिथे 16 ते 235 ची मर्यादित रेंज निवडलेली असेल, तर ती 0 ते 255 करावी.