रोपवाटिकेत फुलझाड निवडताना मधमाशीचा कौल कसा घ्यावा

वसंत ऋतू सरत येतो तेव्हा रोपवाटिका ऐन बहरात असते आणि नेमकी तेव्हाच निवड अवघड होते, कारण जी कुंडी फुलांनी सर्वाधिक लगडलेली असते तिच्याकडेच हात आपोआप जातो. बागेत फुलांबरोबर मधमाश्या, फुलपाखरे आणि पक्षीही यावेत अशी इच्छा असेल, तर आपल्या आधी तेथे पोहोचलेल्या या गिऱ्हाइकांची पसंती पाहून रोप घ्यावे.

त्यासाठी ऊन पडलेला, वारा नसलेला दिवस निवडावा आणि दव वाळल्यानंतर, पण ऊन तापण्यापूर्वी जावे. रोपांना पाणी घालण्याची वेळ टाळावी, कारण भिजलेल्या फुलांवर कीटक सहसा फिरकत नाहीत. गेल्याबरोबर कुंड्या उचलू नयेत. एका रांगेसमोर दहा मिनिटे स्तब्ध उभे राहावे. फुलावर टेकलेला कीटक लगेच उडून गेला, तर त्याला तेथे फारसे काही मिळाले नाही असे मानावे. एकाच झाडाच्या फुलामागून फूल तो धुंडाळत राहिला, तर ते झाड लक्षात ठेवावे. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांचा प्रत्येक कीटक मधमाशी नसतो. हवेत एका जागी तरंगत राहणारी, दोनच पंखांची, आखूड मिशांची माशी बहुधा सिरफिड माशी असते. ती डंख करत नाही आणि तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) खातात, म्हणून तिची हजेरी ही चांगली खूण समजावी.

यानंतर फूल जवळून पाहावे, आणि या कामात घाई करू नये. पाकळ्यांचे थरावर थर असलेल्या दुहेरी फुलांमध्ये बहुधा पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांत झालेले असते. त्यामुळे पराग कमी मिळतो आणि मकरंदापर्यंत पोहोचण्याची वाटही अडते. गुलाब, झेंडू किंवा डेलिया घ्यायचा असेल, तर मधला भाग उघडा दिसणारी एकेरी जात घ्यावी. रंगाच्या बाबतीत आपल्या नजरेवर विसंबू नये. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, मात्र आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात, आणि आपल्याला एकरंगी भासणाऱ्या अनेक फुलांवर तिला मकरंदाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. लाल, नळीसारखी, मकरंदाने भरलेली फुले ही प्रामुख्याने पक्ष्यांसाठी असतात. फॉक्सग्लोव्ह या घंटेसारख्या फुलांच्या झाडाचा तुरा खालून वर उमलत जातो. खालची जुनी फुले परागकण स्वीकारण्याच्या अवस्थेत असतात, तर वरची नवी फुले पराग देत असतात. बंबलबी हा केसाळ भुंगा खालून वर चढत जातो आणि वरच्या फुलांतला पराग अंगावर घेऊन दुसऱ्या तुऱ्याच्या तळाशी उतरतो. साल्व्हिया या फुलझाडाच्या अनेक जातींत पुंकेसर तरफेसारखे बसवलेले असतात: मधमाशीने आत डोके घातले की परागकोश खाली झुकून तिच्या पाठीवर टेकतात. वाळलेल्या गवताची बारीक काडी फुलात हलकेच सरकवली, तर ही हालचाल आपल्यालाही पाहता येते. उभ्या उभ्या एवढी करमणूक दुसऱ्या कोणत्या खरेदीत होत असेल, याची मला शंकाच आहे.

मग पाने उलटून पाहावीत. गुलाबाच्या पानाच्या कडेचे सुबक अर्धवर्तुळाकार तुकडे कापलेले दिसले, तर ते पाने कापून घरटे बांधणाऱ्या एकांड्या मधमाशीचे काम असते आणि त्याने झाडाचे सहसा नुकसान होत नाही. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले, तर ती लिंबावरील फुलपाखराची कोवळी अळी असू शकते. माव्याच्या आसपास काळपट, मगरीसारख्या आकाराची अळी फिरत असेल, तर ती ढालकिड्याची म्हणजे लेडीबर्डची असण्याची शक्यता मोठी. ती मावा फस्त करते. तेव्हा थोडी कुरतडलेली पाने पाहून रोप नाकारू नये. उलट, रांगेतील एकाही पानावर ओरखडा नसेल आणि फुलांवर एकही कीटक नसेल, तर फवारणीबद्दल अवश्य विचारावे.

विचारताना केवळ ‘औषध मारले का’ असे न विचारता, आंतरप्रवाही कीटकनाशक मातीत किंवा बियाण्याला दिले होते का, हे विचारावे. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम ही अशी कीटकनाशके मुळांवाटे शोषली जाऊन पराग व मकरंदापर्यंत पोहोचतात. पाने धुतल्याने ती निघत नाहीत. या तिन्हींचा उघड्यावरील वापर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंद केला. विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर ते रोप तेथेच ठेवणे मला योग्य वाटते.

अखेरीस रोप निवडताना उमललेल्या फुलांपेक्षा कळ्या जास्त असलेले घ्यावे. विक्रेत्याच्या परवानगीने कुंडी तिरकी करून मुळे पाहावीत; ती गोल गोल गुंडाळली गेली असतील, तर दुसरे रोप पाहावे. एखाद्या कुंडीत पक्ष्याने घरटे केलेले आढळले, तर ती हलवू नये, विक्रेत्याला मात्र कळवावे.

पाच जातींचे एकेक रोप नेण्याऐवजी एका जातीची तीन ते पाच रोपे नेऊन एकत्र लावावीत, कारण मधमाशी एका फेरीत बहुधा एकाच प्रकारच्या फुलांवर फिरते. शेजारी उथळ थाळीत पाण्याबाहेर डोकावतील असे खडे ठेवावेत, म्हणजे तिला न बुडता पाणी पिता येते. डास होऊ नयेत म्हणून ते पाणी दर दोन दिवसांनी बदलावे.