घरपट्टीच्या चलनावर ‘खाली निवेशन’ लिहिलंय? बेळगाव-खानापूर-निपाणी भागात या चुका टाळा

एप्रिल उजाडला की घरपट्टीची धांदल सुरू होते. आकडा जास्त आला की पहिला राग दरवाढीवर निघतो. दर वाढतातच, पण शेजाऱ्याचं तेवढंच घर आणि पट्टी मात्र तुमच्या निम्मी, असं असेल तर दोष दराचा नसतो. तुमच्या नोंदीत काहीतरी चुकलेलं असतं. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं साल, मालकाचं नाव आणि मागची बाकी, एवढ्या रकान्यांतून आकडा निघतो. यातला एक रकाना चुकला तरी ती चूक वर्षानुवर्षं चलनावर छापून येत राहते.

आधी घर कुणाच्या हद्दीत ते बघा

शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी महापालिकेत येतात. कॅम्प मात्र कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे. तिथला कर 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने चालतो, महापालिकेचे नियम तिथे लावू नका. हिंडलगा, कंग्राळी अशा गावांत ग्रामपंचायत आकारणी करते. निपाणीत नगरसभा, खानापुरात नगरपंचायत. मच्छे आणि पिरनवाडी ग्रामपंचायतीच्या नगरपंचायती झाल्या. अशा ठिकाणी जुना पंचायत नंबर आणि नवा नंबर दोन्ही कागदावर जुळवून घ्या. नाहीतर जुन्या नंबरावर भरलेली पट्टी नव्या नंबरावर बाकी म्हणून उभी राहते.

दुसरी गल्लत मोबाईलवरच्या व्हिडिओंमुळे होते. बेंगळुरूत ए ते एफ झोन पाडून प्रति चौरस फूट दराने पट्टी काढतात. बेळगावात आणि राज्याच्या इतर शहरांत ती पद्धत नाही, इथे भांडवली मूल्यावर आकारणी होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या पाहुण्याचा सल्लाही इथे उपयोगाचा नाही. तिकडचा रेडी रेकनर म्हणजे आपल्याकडचा मार्गसूची दर, सरकारने ठरवलेला जागेचा दर. कर्नाटक मुद्रांक कायद्याच्या कलम 45-ब खाली तो जाहीर होतो आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर बघायला मिळतो. राज्यभरात तो 1 ऑक्टोबर 2023 पासून सुधारला गेला.

हिशेब कसा निघतो, आणि तो कुठे फसतो

जागेचं मूल्य वेगळं काढतात, बांधकामाचं वेगळं. जागेसाठी क्षेत्रफळाला मार्गसूची दराने गुणतात. बांधकामासाठी बांधीव क्षेत्र आणि त्या प्रकारच्या बांधकामाचा दर यांचा गुणाकार करून इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो. 2021-22 पासून मार्गसूची दराचा 25 टक्के भाग करासाठी धरला जातो. त्या रकमेवर कायद्याच्या मर्यादेत महापालिका किंवा नगरपालिका जो टक्का ठरवेल तो लागतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक एककाची. मार्गसूची दर चौरस मीटरला असतो आणि आपण बोलतो फुटांत किंवा गुंठ्यांत. 30 बाय 40 चा प्लॉट म्हणजे 1200 चौरस फूट, म्हणजेच 111.48 चौरस मीटर. हिशेब समजावा म्हणून दर 12,000 रुपये चौरस मीटर धरू (तुमच्या गल्लीचा दर वेगळा असेल). 111.48 गुणिले 12,000 म्हणजे 13,37,760 रुपये, त्याचे 25 टक्के 3,34,440. आता कुणी मीटरच्या रकान्यात 1200 लिहिलं, तर हेच मूल्य 1 कोटी 44 लाख होतं आणि 25 टक्के म्हणजे 36 लाख. पट्टी जवळपास पावणेअकरा पट! उलटी चूक झाली तर पट्टी फार कमी येते आणि कुणी तक्रार करत नाही. पण फेरतपासणीत ती सापडली की मागच्या वर्षांचा फरक दंडासह मागतात.

खिशात ठेवण्यासारखे आकडे एवढेच: 1 चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. 1 गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे सुमारे 101.17 चौरस मीटर. 40 गुंठ्यांचा एक एकर.

मोजमाप घेताना टेप बाहेरून लावा, भिंतींची जाडी बांधीव क्षेत्रात धरली जाते. प्रत्येक मजला वेगळा मोजा. तळमजल्याला तीनने गुणून तीन मजल्यांचं क्षेत्र काढू नका, वरच्या मजल्यावर गॅलरी असते, कुठे अर्धाच मजला बांधलेला असतो. उघडी गच्ची बांधीव क्षेत्रात येत नाही. आपल्याकडच्या पावसामुळे गच्चीवर पत्र्याचं शेड घालतात, त्यावरून वाद होतो. शेड चारी बाजूंनी उघडं असेल तर तसा फोटो आजच काढून फाईलला लावा. भिंती किंवा खिडक्या घातल्या की ती खोली झाली, मग ती मोजायलाच हवी.

बांधकामाचा प्रकारही वाचून बघा. मंगळुरी कौलांचं जुनं घर नोंदीत ‘आरसीसी’ पडलं असेल तर दर चढा लागतो. बांधकामाचं साल चुकलं तर घसारा कमी मिळतो. कधी कधी घराची नोंद संगणकात चढली तेच साल बांधकामाचं साल म्हणून बसतं, आणि पन्नास वर्षांचं घर कागदावर वीस वर्षांचं होतं. जुनी पट्टीची पावती, बांधकाम परवाना किंवा पहिल्या वीज जोडणीचा कागद, यांतला एकही सापडला तरी साल दुरुस्त करून मागता येतं.

कानडी चलन न वाचता भरणं

चलन कानडीत येतं. मराठीत मिळावं ही मागणी जुनी आहे, पण तोवर हे शब्द ओळखू यायलाच हवेत, कारण चूक तिथेच दिसते. ‘मालीकर हेसरु’ म्हणजे मालकाचं नाव. ‘विस्तीर्ण’ म्हणजे क्षेत्रफळ. त्यापुढे ‘चदर अडी’ असेल तर चौरस फूट, ‘चदर मीटर’ असेल तर चौरस मीटर. ‘कट्टड’ म्हणजे इमारत. ‘वास’ने सुरू होणारा शब्द राहण्याच्या वापराचा, ‘वाणिज्य’ धंद्याचा. ‘हिंदिन बाकी’ म्हणजे मागची थकबाकी. ‘रियायिती’ म्हणजे सूट.

आणि ‘खाली निवेशन’. यातला ‘खाली’ मराठी वाचू नका. त्याचा तळमजल्याशी काही संबंध नाही, अर्थ आहे मोकळा प्लॉट. घर बांधून दहा वर्षं झाली आणि चलनावर अजून ‘खाली निवेशन’ येत असेल, तर नोंदीत तुमचं घरच नाही. पट्टी कमी येते म्हणून लोक गप्प बसतात. पुढे कर्ज काढताना किंवा विकताना बँक विचारते, कागदावर इमारत कुठे आहे? मग सगळ्या वर्षांचा फरक एकदम निघतो. उलटंही घडतं. जुना वाडा पाडून जागा मोकळी केलेली असते, पण पट्टी वाड्याचीच येत राहते. पाडल्याचा फोटो आणि अर्ज देऊन नोंद बदलून घ्या.

कराच्या रकमेखाली जे उपकर असतात ते मालमत्तेच्या मूल्यावर लागत नाहीत, कराच्या रकमेवर लागतात. आरोग्य उपकर 15 टक्के, ग्रंथालय 6 टक्के, भिकारी प्रतिबंध 3 टक्के, मिळून 24 टक्के. कर 4,000 आला तर हे 960 रुपये. घनकचऱ्याचा आकार (‘घनत्याज्य’) त्याहून वेगळा, बांधीव क्षेत्र आणि वापरावर ठरतो. बेरीज एकदा स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

वापर लपवणं, किंवा सगळ्या घरालाच दुकान ठरवू देणं

खाली किराणा दुकान, वर राहणं, मागे भाडेकरू, असं घर बेळगावात गल्लोगल्ली दिसेल. अशा ठिकाणी पट्टी मिश्र वापराची निघायला हवी. दुकानाचा गाळा जेवढा तेवढाच वाणिज्य, बाकीचं राहण्यासाठी. काही नोंदींत पूर्ण तळमजला वाणिज्य लिहिलेला असतो, जिना आणि मागच्या स्वयंपाकघरासकट. एका कागदावर मजल्यावार नकाशा काढा, गाळ्याची लांबी-रुंदी लिहा आणि तो अर्जाला जोडा.

वडगाव-शहापूरच्या विणकर घरांत एका खोलीत माग आणि बाकीच्या घरात राहणं, असा मामला असतो. मागाच्या खोलीचं क्षेत्र वेगळं दाखवा. वीज मीटर औद्योगिक जोडणीचं असेल तर ते लपत नाही, हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) आर.आर. नंबर, म्हणजे वीज जोडणीचा नंबर, फाईलमध्ये असतोच. वापर स्वतःहून लिहिलेला बरा. तपासणीत सापडला तर बिल कलेक्टर काय क्षेत्र धरेल हे तुमच्या हातात राहत नाही.

नावाची गफलत

ही चूक वरवर किरकोळ, पण ई-खात्याच्या (मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीच्या) वेळी सगळ्यात जास्त फेऱ्या मारायला लावते. खरेदीपत्रात ‘बाळू’, आधारवर ‘बाळकृष्ण’, पट्टीच्या नोंदीत आजोबांचं नाव. माहेरचं आडनाव खरेदीपत्रात आणि सासरचं आधारवर, हेही नेहमीचंच. त्यात कानडी लिपीत नाव चढवताना ऱ्हस्व-दीर्घ आणि च-छ बदलतात. तिन्ही कागद समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

मालक वारले असतील तर त्यांच्या नावावर वर्षानुवर्षं पट्टी भरत राहू नका. मृत्यू दाखला आणि नाडकचेरीतून मिळालेली वंशावळ जोडून वारसा नोंद करा. भावांत घरगुती वाटणी झाली, भिंतही घातली, पण वाटणीपत्र नोंदणीकृत नसेल तर कागदावर घर एकच आणि नंबरही एकच. थोरल्याने त्याचा हिस्सा भरला तरी धाकट्याची बाकी दोघांच्याही चलनावर दिसते, आणि ई-खातं कुणालाच मिळत नाही.

पट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे

गुंठ्यावर, स्टॅम्प पेपरवर घेतलेले प्लॉट आपल्या भागात कमी नाहीत. मूळ जमिनीचा उतारा अजून शेतीचा, बिगरशेती झालेली नाही, लेआउटला ‘बुडा’ची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नाही, तरी घरपट्टी भरली जाते आणि मालकाला वाटतं कागद पक्का झाला. कायद्यात स्पष्ट आहे: बेकायदा बांधकामावर कर घेतला तरी त्यातून ते नियमित होत नाही आणि मालकीही सिद्ध होत नाही. अशी मालमत्ता बी खात्यात जाते. कायदेशीर रूपांतर आणि मंजुरी असलेली ए खात्यात. ग्रामपंचायतीत ई-स्वत्तु या ऑनलाइन नोंदीत हाच फरक नमुना 9 (कायदेशीर) आणि नमुना 11-ब (बेकायदा) असा दिसतो. घर घेताना ‘खातं आहे’ एवढ्यावर थांबू नका, कुठलं खातं ते विचारा.

शेतसारा भरला म्हणजे घरपट्टी भरली, हा गैरसमजही खेड्यांत आहे. शेतसारा जमिनीचा, तो महसूल खात्याकडे जातो. गावठाणातल्या किंवा बिगरशेती जागेतल्या घराचा कर पंचायतीत भरायचा, तिथे पीडीओंची (पंचायत विकास अधिकाऱ्यांची) सही लागते.

चलन काढलं आणि ठेवून दिलं

चलन म्हणजे पावती नव्हे. एप्रिलमध्ये 5 टक्के सूट धरून काढलेलं चलन जूनमध्ये चालत नाही, नवं काढावं लागतं. एप्रिलमध्ये भरलं तर 5 टक्के सूट, मे-जूनमध्ये सूट नाही आणि दंडही नाही, जुलैपासून महिना 2 टक्के. 4,000 च्या करावर एप्रिलमध्ये 200 वाचतात. मार्चपर्यंत थांबलात तर नऊ महिन्यांचे 18 टक्के, म्हणजे 720 जास्त. सवलतीची मुदत कधी कधी वाढवतात, पण त्या भरवशावर बसू नका.

पैसे भरल्यावर आठवड्याभराने तुमचा पीआयडी नंबर (मालमत्तेचा ओळख क्रमांक) टाकून ऑनलाइन बघा, रक्कम जमा दिसते का. नाही दिसली तर पावती घेऊन लगेच महसूल विभागात जा. पुढच्या एप्रिलपर्यंत थांबलात तर ती दंडासह ‘हिंदिन बाकी’ होऊन येईल.

थकबाकी नसताना बाकी दिसते, तेव्हा

जुन्या हस्तलिखित वह्यांतून संगणकात नोंदी चढवताना भरलेल्या पावत्या सुटतात. काउंटरवर वाद घालून हे मिटत नाही. ज्या वर्षांची बाकी दाखवली आहे त्या सर्व वर्षांच्या पावत्या क्रमाने लावा, प्रत्येकीची झेरॉक्स काढा. अर्जात पीआयडी, वॉर्ड, सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, वर्ष, पावती क्रमांक आणि रक्कम असा तक्ता द्या. अर्ज आवक विभागात द्या, शिक्का मारलेली पोच घ्या. सेवा ‘सकाल’ योजनेत (ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या राज्याच्या योजनेत) येत असेल तर 15 आकडी जीएससी नंबर मागा, त्यावर अर्ज कुठे अडकलाय ते कळतं. पावती हरवली असेल तर बँकेच्या पासबुकातली नोंद किंवा ऑनलाइन व्यवहाराची प्रत चालते का ते विचारा. थर्मल कागदाच्या पावत्या दोन-तीन वर्षांत कोऱ्या होतात, भरल्या दिवशीच झेरॉक्स काढून ठेवा.

क्षेत्रफळावर हरकत असेल तर अर्जात ‘पट्टी जास्त आहे’ एवढंच लिहू नका. ‘नोंदीत 1,450 चौरस फूट, प्रत्यक्ष 1,120, नकाशा सोबत, जागेवर मोजणी करावी’ असं लिहा. नोटीस आली असेल तर तिच्यावर दिलेल्या मुदतीतच उत्तर द्या. मोजायला येणाऱ्याबरोबर स्वतः टेपचं दुसरं टोक धरा, त्याने लिहिलेला आकडा तिथेच वाचा, आणि तो चौरस फुटाच्या रकान्यात गेला की मीटरच्या, हे सही करण्याआधी बघा.